उकडलेली माती

कराड. श्रावण, सोमवार, दिवेलागण

शेडमधली आल्याची शेवटची ओळही आज पिवळी पडली. एक गड्डा उपटून पाहिला, हातात नुसता चिखल आला. गेल्या सालचीच कूज.

ती मारायलाच तर वैशाखात माधवनगरच्या बंद कारखान्यातला बॉयलर आणून शेडमधल्या मातीत ताडपत्रीखाली वाफ सोडली. मातीला उकडलेल्या शेंगांसारखा वास सुटला होता. मला केवढा आनंद, कूज मेली म्हणून! तिला आवरणारे बारीक जीवही मातीतून गेले, हे तेव्हा डोक्यात आलं कुठे?

आणि मग लागणीचा दिवस. सासऱ्यांनी, आबांनी, दाराजवळच्या पहिल्या गड्ड्याखाली जुन्या रानातली मूठभर माती घातली. नव्या रानाला जुन्याची ओळख करून द्यायची, ही आमच्या घरची रीत. मीच वर हळदकुंकू वाहिलं. जुनं रान म्हणजे गेल्या साली आलं कुजलं तेच. रिकाम्या मातीत त्या कुजीला अडवणारं होतं कोण? पिवळेपणा सुरू झाला तो त्याच गड्ड्यापासून. की मला उगीच तसं वाटतंय? नाही, तिथूनच.

आबांना हे कोणत्या तोंडानं सांगू?

मघाशी ते शेडमध्ये उकिडवे बसून मातीचा वास घेत होते. म्हणाले, "पोरी, हिला अजून मातीचा वासच न्हाई बघ. मूठभर कमी पडली. उद्या जुन्या रानातली पाटीभर आणतो."

"आणा," म्हणाले मी. आता कुजायला उरलंय काय?