सुईने सरळ केलेली पिन

बाबा, त्या रविवारी मशीन मी मोडलं होतं. तुम्हाला ते माहीतच होतं. इतर कुणाला कळणार नाही, ही व्यवस्था मी केली.

विहिरींच्या सर्वेक्षणासाठी ऑफिसने मला दिलेला तो हातात धरून न्यायचा कॉम्प्युटर. जाड वहीएवढा, वर आठ ओळींचा पडदा. मेमरी इतकी तोकडी, की एकट्या धाड गावच्या विहिरी पुऱ्या व्हायच्या आत भरून जायची. म्हणून साहेबांनी मुंबईहून जादा मेमरीची डबी मागवली, काडेपेटीएवढी. मशीनच्या मागे रबरी झाकणाखाली खाच होती, तिच्यात ती बसवायची. "सोमवारी मी बसवीन, तोवर हात लावू नका," असं त्यांनी बजावलं होतं. मला वाटलं, कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला इंग्रजी सूचना वाचता येतात, साहेब कशाला हवा? सूचना मी वाचल्याच नाहीत.

चिखलीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी डबी दाबते आहे. तुम्ही पोत्यावर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला आहात. "जोर काऊन लावतं माय? आंधी खाच पाह्य. उलटी धरली तू." "हा रेडिओ नाही बाबा. तुम्हाला यातलं कळत नाही." तुम्ही पुन्हा रेडिओकडे वळता. मी आणखी दाबते, आणि आतली एक पिन आडवी होते.

सोमवारी साहेब जीप घेऊन दारात. त्यांनाही डबी बसवता येईना. माझी नोकरी कंत्राटी, एका शब्दाने जाणारी. मी इंग्रजीत सांगितलं, वडिलांनी उघडून पाहिलं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा हात कुणाकडे वळला ते दिसलं. "हाव साहेब," तुम्ही म्हणालात, "माह्याच हातून झालं." नेमका तेव्हा रोहिणखेडचा एक म्हातारा रेडिओ घेऊन आला होता. तुमच्या हातून काही बिघडत नाही, म्हणून एवढ्या लांबून. "मिस्तरी, तुमच्या हातून?" असं म्हणत त्याने रेडिओ पुन्हा काखेत मारला.

साहेब तणतणत पोस्टात गेले, मुंबईला ट्रंककॉल लावायला. तेवढ्यात तुम्ही आईकडून तिची शिवणाची सुई मागून घेतलीत, श्वास रोखून पिन सरळ केलीत आणि मशीन माझ्याकडे सरकवलंत. परत आल्यावर साहेबांनी डबी लावली. अलगद बसली. "कुणी केलं हे?" तुम्ही रेडिओत मान घातली होती. मी म्हणाले, "मी."

त्यावरच मला कायम केलं. तुम्ही गेल्यानंतर, माझ्या निवृत्तीच्या समारंभात ही गोष्ट मी सुईसकट सांगितली, माझीच म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने मात्र हात मांडीवरून हलवले नाहीत. साहेबावर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं, माणूस न ओळखणारा म्हणून. त्याने निदान विचारलं तरी होतं.

हे पत्र कपड्यांच्या तळाशी ठेवते आहे, कारण या घरात सगळ्यांना मराठी वाचता येतं. आणि काल नातीने ती गोष्ट पुन्हा मागितली, तेव्हा सुई मी पुन्हा माझ्याच हातात दिली.