ओढा मोकळा करून दिल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, उमरगा, जि. उस्मानाबाद.

अर्जदार : शिवगंगा शिवलिंगप्पा बिराजदार, रा. हत्तरवाडी.

विषय : आपल्या हुकमाप्रमाणे ओढ्यातील बांध काढल्याची खबर.
संदर्भ : हत्तरवाडी सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन नानासाहेब यांची माझ्याविरुद्धची तक्रार.

महोदय,

सविनय कळविते की, कारखान्याचे काळे पाणी आमच्या रानाकडेच्या ओढ्यात सोडतात. ते पिऊन माझे दोन्ही बैल मेले. चेअरमन साहेबांना भेटले, तर ते म्हणाले, "बाई, कारखाना पाहिजे का बैल?"

माझे यजमान बहात्तरच्या दुष्काळात उरणला मिठागरावर होते. खाडीतल्या तिवराच्या झाडांच्या मुळांत घाण अडते व पाणी निवळते, हे त्यांनी तिथे पाहिले होते. तिवर खाऱ्या पाण्याचे, ते आपल्याकडे जगायचे नाही. म्हणून आम्ही ओढ्याला बांध घालून पाणी आमच्या पडीक रानात वळवले, खड्डे खोदले, त्यांत लव्हाळे व पाणकणीस लावले. त्याच चिखलात यजमानांच्या पायाची जखम चिघळली व ते वारले. राहिलेली लावणी मी एकटीने केली. पुढच्या वर्षी पाणी निवळ होऊन खाली जाऊ लागले. खाली ओढ्याला लागून एकच विहीर आहे, ती चेअरमन साहेबांची.

यंदाच्या वार्षिक सभेत साहेबांनी सांगितले की, ही सोय कारखान्याने केली. त्याबद्दल त्यांना हार घातला. मी सभासद आहे. उठून विचारले, "नानासाहेब, त्या चिखलात माझा माणूस गेला. तुमचं कोण गेलं?"

त्यानंतर साहेबांनी आपल्याकडे तक्रार केली की, मी सरकारी ओढा अडवला. आपण बांध काढण्याचा हुकूम दिलात. माझी काही हरकत नाही.

काल सकाळी मी स्वतः बांध फोडला. लव्हाळ्याचा एक कोंब ठेवला नाही, मुळासकट उपटून उन्हात टाकले. गाळप जोरात चालू असल्याने दुपारपर्यंत साहेबांची विहीर काळी झाली. लगेच त्यांचा गडी मच्छिंद्र आला, "आक्का, मालक म्हणत्यात, बांध परत घाला."

मी म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय. म्या कसा मोडू?"

तरी बांध पुन्हा हवाच असेल, तर तो साहेबांनी स्वतःच्या हाताने घालावा व लावणीला अनवाणी चिखलात उतरावे. कसे लावायचे, ते मी काठावर बसून सांगेन. दुसऱ्या कोणास उतरू देणार नाही.

आपल्या हुकमाची ताबेदार,
शिवगंगा शिवलिंगप्पा बिराजदार
हत्तरवाडी, दि. ११ जानेवारी १९८०

सोबत : साहेबांच्या विहिरीचे पाणी, बाटली एक. बूच जपून काढावे.