लाल मांजरपाटाचे धपाटे

मु. गोरेगाव
वैशाख वद्य चतुर्थी, शनिवार

परमस्नेही रामकिशन मास्तर यांच्या सेवेशी मोहियोद्दीन दर्जीचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

तुमच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळवलं नाही. निर्गुडीच्या पाल्यानं उतार पडला असेल. नसेल तर एरंडाचा बांधून पाहा, आणि त्यानंही नाही पडला तर शाळेच्या पायऱ्या कमी चढा. रुक्माबाई वहिनींना सलाम, लेकरांना दुवा. इकडे ऊन असं आहे की दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो. लढाईमुळे सुया मिळत नाहीत, दोन सुयांवर सारा गाव शिवतो आहे. (अक्षर वाकडं दिसेल. माझं मराठी अक्षर तुम्हीच या दुकानाच्या ओट्यावर बसून घडवलं, म्हणून आधीच माफी मागतो. अंगठा तव्याला लागून पोळला आहे. दर्ज्याचा अंगठा तव्यापर्यंत कसा गेला तेच लिहायला बसलो आहे, पण मधूनच सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून पहिल्यापासून घेतो.)

चैत्राच्या शेवटी तुमची मलिकाभाभी अंगणात ज्वारी उफणत होती. वाऱ्यानं कुसळ उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. दोन दिवस ती कोणाला बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, उजवाही सुजला, तेव्हा गाडी जुंपून हिंगोलीला नेली. डॉक्टरांनी औषध घालून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. एकवीस दिवस सोडायची नाही, चुलीचा धूर तर अंगावरूनही जाऊ द्यायचा नाही, आणि डावा डोळा राहतो की जातो ते पट्टी सुटल्यावर कळेल, म्हणाले. मी गिऱ्हाइकाला सांगतो ना, कापड आटतं की नाही ते धुतल्यावर कळेल, तसंच सांगितलं. परतताना मी गाडी हाकत होतो. मागे बसून ती वाट सांगत होती. आता ओढा आला, आता चिंचा लागल्या, आता फारुकचं शेत. मला वाटलं पट्टी सैल झाली. गाडी थांबवून, खाली उतरून पाहिलं. पट्टी घट्ट होती. चिंचेच्या सावलीत चाकाचा आवाज मऊ होतो म्हणे. मास्तर, त्या वाटेनं मी तीस वर्षं येऊन-जाऊन राहिलो, मला चाकाला आवाज असतो एवढंच माहीत होतं.

आता प्रश्न आला पोटाचा. आमच्या पोरीला सातवा महिना, ती जिंतुराहून कशी येणार? माझी थोरली बहीण हाजरा आपा सेनगावला असते. (तुम्ही तिला एकदाच पाहिलं आहे, माझ्या पोरीच्या लग्नात, तुम्ही तिसरी पुरी नको म्हणाला होता आणि तिनं तुमच्याकडे नुसतं पाहिलं, मग तुम्ही पाच खाल्ल्या.) तिनं निरोप धाडला की मलिकाला सेनगावला घेऊन जाते, घरात दोन सुना आहेत, बसल्या जागी ताट मिळेल. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. मी मलिकाला सांगितलं. आमची घरातली बोली निराळी, पण ती काय म्हणाली ते तुमच्यासाठी मराठीत लिहितो. ती म्हणाली, "इथं मी आंधळी न्हाई. कोणतं मडकं कुठं हाय, मले ठाऊक हाय. दुसऱ्याच्या घरी गेले, की मंग मी आंधळी."

मग आपाला उलट निरोप धाडला की नेण्याची तकलीफ घेऊ नये, चूल मी सांभाळतो. तिचं उत्तर आलं की येत्या तिसऱ्या जुम्म्याला सकाळी येते आणि तुझ्या हातचं खाऊन पाहते. खाण्यालायक असलं तर मलिका राहील, नसलं तर त्याच गाडीत बसेल. मला सोळा दिवस मिळाले. सोळा दिवसांत मी शेरवानी शिवून देतो, पण भाकरी म्हणजे शेरवानी नव्हे.

धूर नको म्हणून परसात निंबाखाली तीन दगड मांडून चूल केली. मलिकाची बाज पडवीत, चुलीपासून वीसेक हातांवर. पहिल्या दिवशी सोपं म्हणून कण्या शिजवायला घेतल्या. ज्वारीच्या कण्या, मीठ, पाणी, वर ताक. उन्हाळ्यात याच्याहून हलकं काय असतं? मी पातेलं चढवून बिडी पेटवली, तेवढ्यात पडवीतून आवाज आला की पाणी कमी पडलं. मी पाहिलं तर वरून सगळं ठीक होतं. पळीनं ढवळलं तर बुडाला लागायला सुरुवात झाली होती. विचारलं, कसं कळलं? तर म्हणे, पाणी बराबर असलं की कण्या रटरटतात, कमी पडलं की पुटपुटतात. मी मशीनच्या आवाजावरून दोरा तुटला ते ओळखतो आणि गावात त्याची बढाई मारतो. त्या दिवसापासून मारत नाही.

मग मला तिची परीक्षा घ्यायची खोड लागली. (करू नये, पण माणूस आहे.) कांदा चिरताना मुद्दाम जाड चिरला आणि बारीक चिरला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, सुरी पाटावर इतक्या उशिरा-उशिरानं पडते, हा कांदा बैलाला आहे का? कैरी उकडत ठेवली आणि विसरलो, तर देठाचा वास बदलला, काढा, असं तिनं सांगितलं, आणि खरोखर साल तेव्हाच फाटत होती. एका संध्याकाळी मी आंबील आंबवायला ठेवली आणि तपेलीवर हळूच झाकण ठेवलं. तिनं विचारलं, पितळेचं काहून घेतलं? झाकणाच्या आवाजावरून! कल्हई उडालेली होती ती तपेली. रात्रभर त्यात राहिली असती तर आंबील कळकली असती, आणि सकाळी मी ती दोघांनाही पाजली असती. ती ओतून दिली आणि दुसरी मडक्यात घातली. तेव्हापासून मी स्वयंपाक करताना पाय न वाजवता चालायला लागलो. ती म्हणाली, आज पायात काटा मोडला का?

आणि वाऱ्याचं तर ऐका. तिनं सांगून ठेवलं होतं की ऊन समोरच्या भिंतीच्या तिसऱ्या थरावर येईल तेव्हा वारा फिरेल, त्याच्या आत चूल विझवा. मी हसलो. चौथ्या दिवशी ऊन तिसऱ्या थराला लागलं, आणि निंबाची पानं उलटी झाली, आणि धूर सरळ पडवीकडे निघाला. मी अंगातला सदरा काढून धुरापुढे धरून उभा राहिलो. त्या वेळी मला कशाची भीती वाटली ते लिहिता येत नाही. डाव्या डोळ्याची वाटली, पण तेवढीच नव्हती. जी बाई वाऱ्याला ओळखते तिच्याबरोबर मी तीस वर्षं नुसतं मीठ कमी, मीठ जास्त एवढंच बोलत होतो, त्याची वाटली.

आता जुम्म्याचं. तुम्ही वऱ्हाडात गेलात, तिकडे सुट्टी रविवारची. आमच्याकडे जुम्म्याचीच आहे. त्या दिवशी दुकान बंद, आणि नमाजेच्या आधी, न्याहारीला उशीर आणि जेवणाला लवकर अशा वेळी, अंगणात बसून आरामात खायचं ही मलिकाचीच रीत. तुम्हीही अकरा वर्षं त्यात भागीदार होता. बेत ठरला: धपाटे, दही, कैरी-कांद्याचा तक्कू, गुळाचं पन्हं. धपाटे पहाटेच करून ठेवायचे, गारच खायचे, म्हणजे ऊन चढल्यावर चुलीकडे पाहायलाही नको. पीठ मलिकानं बोटांनी चाचपून पसंत केलं. धपाटे ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटायचे असतात. जुन्या धोतराचं फडकं सापडेना. मी दर्जी, माझ्या घरात कापडाला काय तोटा? दुकानातून एक तुकडा आणला, भिजवला, आणि चुलीच्या उजेडात अठरा धपाटे थापले. एकही फाटला नाही. अंगठा तेवढा पोळला. टोपलीत रचले, वर झाकण घातलं, आणि मला वाटलं आता आपाच काय, सुभेदार येऊ दे.

आपा आली. पाणी प्याली, मलिकाच्या डोक्यावर हात ठेवला, घराकडे चहूबाजूंनी पाहिलं आणि पानावर बसली. त्याच वेळी तांड्याची रूपाबाई ताक घेऊन आली आणि पडवीशी उभी राहिली. मी टोपली पुढे ठेवली, झाकण काढलं. मास्तर, धपाटे लाल होते. तिखटाचा लाल नव्हे. काही गुलाबी, काही ठिकाणी डाळिंबासारखे, आणि एकावर मांजरपाटाच्या विणीचे आडवे-उभे धागे असे उमटले होते की गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवावा. तो तुकडा धर्मसिंगच्या गादीच्या खोळीतला उरलेला लाल मांजरपाट होता. पहाटेच्या अंधारात लाल काय आणि काळं काय. आपानं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या गाडीकडे पाहिलं. तिच्या अशा पाहण्यानं मी लहानपणी ताप भरून आजारी पडलेलो आहे.

तेवढ्यात पडवीतून मलिका शांतपणे म्हणाली, "नव्या कापडाचा रंग गेला वाटते. राहू द्या ते. आता चूल पेटवायची न्हाई."

आणि मग ती सांगत गेली आणि मी करत गेलो. भिंतीपासून तिसऱ्या मडक्यात ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आहे, ते घ्या. (उन्हाळा लागताना तिनं भाजून, दळून ठेवलं होतं, मला ते मडकं म्हणजे रिकामं मडकं एवढंच माहीत.) रूपाबाईचं ताक त्यात ओता, गुठळी होऊ देऊ नका, हातानं मोडा. मीठ खुंटीखालच्या डब्यात. जिरं कोनाड्यात, डाव्या अंगाला, चोळून टाका. तक्कूला फोडणी नको, कच्चं तेल घाला, वर गुळाचा खडा कुस्करा. ऊन अजून दुसऱ्या थरावर होतं, एवढ्यात आपाच्या पुढे वाडगा होता. चूल पेटली नाही, पळी वाजली नाही. आपानं एक घास घेतला, दुसरा घेतला. मग वाडगा पुढे करून आणखी मागितला. मी ओतताना पाहिलं, आपा खात होती खाली बघून, पण लक्ष सगळं पडवीकडे होतं, जिथं डोळे बांधलेली बाई बाजेवर बसून माझ्या हातातल्या भांड्याच्या आवाजाबरोबर मान हलवत होती.

खाऊन झाल्यावर आपानं स्वतःचा वाडगा स्वतः घासला. (तिला तसं करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.) फळीवर ठेवला. मलिका म्हणाली, आपा, थोडा डावीकडे, तिथं माझी वाटी असते. आपानं वाडगा सरकवला, येऊन बाजेवर बसली आणि मलिकाचा हात हातात घेतला. मग मला म्हणाली, "हिला कुठं न्यायचं न्हाई. हिला इथून हलवलं तर घर आंधळं होईल." आणि रिकामी गाडी घेऊन ऊन कलल्यावर गेली. धपाटे बकरीला घातले. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

पट्टी परवा नाही तेरवा सुटायची आहे. दुवा करा. वहिनींनाही सांगा. जास्त काय लिहू, तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमचा,
मोहियोद्दीन

ता. क. — शनिवारी टपाल चुकलं, म्हणून बुधवारी हे जोडतो. पट्टी सुटली. उजवा डोळा साफ आहे. डाव्यानं दिसतं, पण पातळ मलमल आड धरल्यासारखं. डॉक्टर म्हणाले तेही निवळेल. वरचं सगळं पत्र मी मलिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मास्तरांना खरं लिहा: धपाट्यांचा रंग रूपाबाईनं माझ्या कानात सांगितला होता, आणि वैशाखात वारा त्याच वेळी फिरतो हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. मी विचारलं, आणि कण्यांचं? ती हसली, आणि झाडू घेऊन माझ्या एकवीस दिवसांच्या पसाऱ्याकडे गेली.

ता. क. दुसरा — हे दुकानात बसून लिहितो आहे, हे तिला वाचून दाखवलेलं नाही. खरं काम यातच आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पंधरा दिवसांनी तिनं चुलीपाशी बसायला हरकत नाही. मी तिला सांगितलं की डॉक्टर मृग निघेपर्यंत नाही म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि ते बरं मला काही बरं वाटलं नाही. दुखण्याखुपण्यात ती रुक्माबाई वहिनींशिवाय कोणाचं मानत नाही. तेव्हा वहिनींनी एक पत्र लिहावं, की अशा डोळ्यांना मृगापर्यंत धूर वर्ज्य असतो. मला भाकरी अजून येत नाही, आणि ती पडवीतून बोलत असते तोवरच शिकता येईल. पत्र खरोखर लिहून पाठवा, मास्तर. वाचून मीच दाखवणार, आणि कागदावर नसलेलं वाचायला गेलो तर माझ्या आवाजावरून ती पहिल्या ओळीतच ओळखेल.