साधी गाठ

॥ श्री ॥
झाशी, ४ फेब्रुवारी २०२५

ती. सिंधूआत्यास,
ऋताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः भरतेस, म्हणून ग्वाल्हेरला रोज अप-डाउन करणाऱ्या अजयभैयांच्या हाती पत्र देते आहे.

बाबा कालपासून इस्पितळात आहेत. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. गेले काही महिने कळ यायची, शेजारच्या चंपाचाची बेंबी बसवून द्यायच्या, कळ जायची. स्कॅनमध्ये आतड्यात चरबीची गाठ दिसली. तिच्या ओढीने आतडं आतड्यातच शिरलंय, दुमडलेल्या बाहीसारखं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी दिसते, कॅन्सर वाटत नाही; पण उद्या ऑपरेशन केलं नाही तर अडकलेलं आतडं सडेल.

बाबांनी त्यातलं 'साधी' एवढंच धरलं. म्हणतात, मग असू दे की, ती तिच्या जागी, मी माझ्या. आई रडली. मी चित्र काढून दाखवलं. ते त्यांना आवडलं. आक्का सांगेल तरच सही करीन, म्हणाले. चित्र सोबत आहे. आज संध्याकाळीच उत्तर दे.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझी,
ऋता

ग्वाल्हेर, ४ फेब्रुवारी

चि. ऋतास अ. आ.

चित्र पाहिलं. मी आधी जिलबी समजले.

पुढचं दामूला मोठ्याने वाचून दाखव. दामू, चोर साधा आहे म्हणून त्याला घरात ठेवून घेशील का? मुकाट सही कर. भाऊबीजेला रिकाम्या पाटाला ओवाळायचा माझा विचार नाही.

तू जेवतेस ना? वहिनीला आशीर्वाद.
आत्या

झाशी, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांनी सही केली. गाठ आणि वीतभर आतडं काढलं. तपासणीत निव्वळ चरबीच निघाली.

तरी आम्ही हसलो नाही, कारण आतडं चालू होईना आणि पाण्याचा घोटही बंद. डॉक्टर फेरीला आले की एकच विचारायचे, वारा सरला का. मग नर्स विचारायची, मग शेजारच्या खाटेवरचे यशवंतजी. आणि बाबा तर चारचौघांत जांभईसुद्धा देत नाहीत.

आज सकाळी सरला. यशवंतजींनी टाळ्या वाजवल्या, आईने हात जोडले, बाबांनी चादर तोंडावर ओढली. आतूनच म्हणाले, आक्काला कळव, पण नीट शब्दांत.

मी पुष्कळ विचार केला. नीट शब्द सापडले नाहीत. बाबा दोन चमचे पाणी प्यायले.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझी,
ऋता