दादाचं इष्टलिंग

प्रिय शिवम,

फोन सोडून आईनं पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. त्याचं कारण खाली येईलच. हे पत्र तुझ्या मालकांच्या, निजामोद्दीनभाईंच्या हाती देणार आहे. काल ते चाकूरला कुणाची तरी मोटर बसवायला आले होते, तिथून वाट वाकडी करून आपल्याकडं आले. बाजेवर बसले, चहा घेतला, तुझ्या दादाच्या, अमरच्या फोटोकडं बघत म्हणाले, "भाभी, पोरगं दुकान सोडून राहिलं. सोमवारपासून किनवटच्या वसतिगृहावर जातो म्हणतंय. मी कोण अडवणार, पुण्याचं काम हाय. पण वर्ष झालं, मोटरचं वाइंडिंग करताना शीळ घालत न्हाई तो." एवढंच. मग सोयाबीनला भाव काय लागला ते विचारलं आणि गेले. आज मुक्काम पाहुण्यांकडं आहे, उद्या सकाळी लातूरला जाताना पत्र नेतील.

किनवटला जायचं तुझं ठरलं ते मला नवं नाही. माझ्यासमोरच ठरलं. अमरला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी संस्थेच्या लोकांनी वसतिगृहाच्या पटांगणात मंडप घातला, मला खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली. सचिव बोलायला उभे राहिले. अमरेश सरांसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही, पण त्यांचा धाकटा भाऊ त्यांची जागा चालवील, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पोरांनी तर थांबवेपर्यंत वाजवल्या. तू माझ्या मागं उभा होतास. मी वळून तुझ्या तोंडाकडं बघायला पाहिजे होतं. मी मांडीवरचा नारळ घट्ट धरून समोर बघत राहिले, कारण त्या टाळ्या मला गोड लागत होत्या.

तुझ्या दादाबद्दल बोलताना लोक आता फार मोठे शब्द वापरतात. मला आठवतो तो पहाटे अंघोळ करून ओल्या केसांनी पूजेला बसणारा पोरगा. तुमचे वडील गेले तेव्हा तो नववीत होता, तू बालवाडीत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायचा, आणि तेवढ्या वेळात घरात आवाज झालेला त्याला खपायचा नाही. तू मुद्दाम भांडी वाजवायचास. पुढं किनवटला वसतिगृह सांभाळायला गेल्यावर त्याची ती पहाटच मोडली. आधी पोरांचा नाष्टा, मग कुणाचा ताप, कुणाची खरूज, कुणी घरच्या आठवणीनं रडतंय, ते सगळं निस्तरून दुपारी पूजा आणि मग पहिला घास. मी रागावले. त्यावर तो म्हणाला, "आई, पोरं उपाशी असताना डोळे मिटले तर मला पोरंच दिसतेत." पुढं मी कधी विषय काढला नाही. दिवाळीत ज्या पोरांना न्यायला कुणी यायचं नाही त्यांच्यासाठी तो तिथंच थांबायचा, आणि पाडवा उलटल्यावर जंगलातली सीताफळं पिशवीत घालून घरी यायचा. निम्मी रस्त्यात फुटलेली. तूच ती चमच्यानं पिशवीतून खायचास.

मागच्या वर्षी पावसाळ्यात वसतिगृहात कावीळ आली. एकेका पोराला नांदेडच्या दवाखान्यात नेऊन, उशाशी बसून त्यानं बरं करून आणलं, आणि शेवटी तोच पडला. पोरं सगळी वाचली. लोक मला हे सांगतात तेव्हा मी मान हलवते. खरं सांगू का, आधी मला राग येतो आणि नंतर आनंद होतो. लेकरांच्या वाचण्याचा राग येणारी बाई कसली, असं मग रात्रभर वाटत राहतं.

त्याच्या मातीचा दिवस तुला सांगायला नको, पण मला तो एकदा लिहून बघायचा आहे. दवाखान्यात त्याच्या अंगावरचं सगळं उतरवून पिशवीत ठेवलं होतं आणि गडबडीत ती पिशवी वसतिगृहाच्या गाडीतून किनवटला गेली. अमर घरी आला तो मोकळ्या गळ्यानं. समाधीच्या खड्ड्यात त्याला बसवलं, कपाळभर भस्म लावलं, आणि हातावर द्यायला त्याचं इष्टलिंग नाही. स्वामी म्हणाले, थांबा, मठातून नवं मागवतो. सगळं गाव चिखलात उभं होतं. तू खाली उतरलास, स्वतःच्या गळ्यातला दोरा तोडलास आणि तुझं लिंग दादाच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटलीस. बायका हुंदके देऊन रडल्या. स्वामी पुढचा मंत्र म्हणायला लागले.

तुला मी अडवलं नाही. त्या दिवशी मला सुचत नव्हतं असं म्हणता येईल. पण आठवडाभरानं किनवटहून पिशवी आली तेव्हा मी शुद्धीवर होते. अमरचं लिंग मी धुतलं, भस्म लावलं आणि माझ्या हातानं तुझ्या गळ्यात बांधलं. आपल्यात ज्याचं लिंग त्याचंच असतं. दीक्षेला गुरूनं द्यायचं, जन्मभर अंगावर वागवायचं आणि शेवटी सोबत मातीत न्यायचं. दुसऱ्याचं कुणी घालत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते मातीत घालायचं नव्हतं. त्याचं काहीतरी गरम अंगावर राहावं असं वाटत होतं, आणि जवळ अंग तुझंच होतं.

त्या दिवसापासून तू थोडा थोडा कमी होत गेलास. दादासारखा भांग पाडायला लागलास. सोमवार धरलास. लातूरच्या गंजगोलाईतल्या गाड्यावरचं ऑम्लेट सोडलंस. मला ते ठाऊक नव्हतं असं समजू नको. "शिव्याच्या लिंगाला अंड्याचा वास येतो," असं अमरच मला हसत सांगायचा. सुट्टीला आलास की तो बसायचा त्या कोपऱ्यात बसायला लागलास, त्याच्यासारखं सावकाश बोलायला लागलास. शेजारणी म्हणायच्या, देवानं एक नेला पण दुसऱ्यात ठेवला. मी त्यांना आणखी एक कप चहा द्यायची.

मग परवा फोनवर मी तुला अमर म्हणून हाक मारली. जीभ घसरली. तू "हां आई" म्हणालास. दुरुस्त केलं नाहीस, थांबलाही नाहीस, आणि मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर त्या बरं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळलं नाही. म्हणून फोन नको वाटला. लिहिताना नाव चुकत नाही.

तुझा दादा देव नव्हता रे. घोरायचा. एकदा सायकलचं चाक वाकडं केलंस म्हणून तुला जेवू दिलं नव्हतं. आणि मशीनमधलं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. वसतिगृहाचा पंप बंद पडला तेव्हा स्टार्टर उघडायला गेला आणि सगळ्या इमारतीची लाइट घालवून बसला. तू रविवारची सुट्टी टाकून लातूरहून गेलास आणि पाणी चालू करून दिलंस. तो घरी आल्यावर आठवडाभर तेच सांगत होता. म्हणाला, "आई, मी पोरांना हात धुवा म्हणून सांगतो. पाणी शिवाच आणतो." हे वाक्य मी तुला आजवर सांगितलं नाही. मंडपात कुणी विचारलंही नाही.

आणखी एक. लोकांना वाटतं मला वाचायचं वेड अमरनं लावलं. पुस्तकं त्यानं आणली, खरं आहे. पण अक्षर मी तुझ्या पाटीवरून शिकले. तू चुलीपुढं बसून गिरवायचास, मोठ्यानं म्हणायचास, आणि मी भाकरी थापता थापता पिठात बोटानं काढून बघायची. तुला कधी कळलं नाही. आज हे पत्र लिहिते आहे ते त्याच अक्षरानं.

आता लिहायला का बसले ते सांगते. आज दुपारी मी स्वामींकडं जाऊन आले. अमरचं लिंग शिवमच्या गळ्यात मी घातलं, ते मला उतरवायचं आहे, असं म्हणाले. ते म्हणाले, "केव्हाची वाट बघून राहिलो, गुरम्मा." रविवारी सकाळी ते तुला नवं इष्टलिंग देतील, तुझ्या नावानं. अमरचं आपण दोघं मिळून त्याच्या समाधीत ठेवू. तुझं त्याच्या हातात आहे ते राहू दे, तू प्रेमानं दिलं होतंस. किनवटचं नंतर बघ. मनापासून जावंसं वाटलं तर शिवम म्हणून जा, अमरेश सरांची जागा चालवायला नको. नाही वाटलं तर दुकानातलं तुझं स्टूल निजामोद्दीनभाईंनी कुणाला दिलेलं नाही. संस्थेला नाही सांगायला तू जायचं नाहीस. टाळ्या मी घेतल्या होत्या, तर सांगायलाही मीच जाईन. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ये. तिन्हीसांजेला शीळ घालू नये म्हणून मी तुला लहानपणी रागवायची. या वेळी वेशीपासून घालत ये. मी दारात उभी राहून ऐकेन, आणि हाक मारताना नाव चुकणार नाही.

तुझीच,
आई