बर्फाला घाम सुटेपर्यंत

सीब, ओमान
६ ऑक्टोबर २०१७

प्रिय मैनाताई,

एक दिवसाआड फोनवर बोलतो आपण, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच दुसरं काहीतरी विचारतेस आणि मला तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. शुक्रवार आहे, खोलीतले सगळे सूकमध्ये बाजाराला गेलेत. आपल्या कुडाळचा प्रताप उद्या सुट्टीवर निघतोय, त्याच्या हाती देतो. उर्वी शाळेत गेली की एकटीने वाच.

आधी माझी बातमी. कंपनीने मला मासळीतून उचलून औषधांकडे टाकलंय. आठ वर्षं मी विमानाने जाणारी सुरमई थर्माकोलच्या खोक्यात भरली. तिथे एकच कायदा, जितकं गार तितकं चांगलं. जेलच्या पिशव्या फ्रीजरमधून दगडासारख्या काढायच्या, मासळीच्या अंगाला भिडवायच्या, झाकण, टेप, यल्ला चला म्हणत गाडीत. माझ्या हातचं खोकं एकदाही परत आलं नाही. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, अहमद पाहुण्यांना माझे हात दाखवायचा. मला त्याचा माज होता गो, खोटं कशाला बोलू.

औषधांकडे सफूरा म्हणून ओमानी बाई आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे तिला टरकून असतात. पहिल्याच दिवशी मी सवयीने पिशवी काढली आणि इन्शुलिनच्या बाटल्यांना टेकवली. तिने खलास म्हणून असा आवाज दिला की सगळ्यांचे हात थांबले. मग तिच्या मोडक्या हिंदीत समजावलं. पिशवी आधी टेबलावर पडू द्यायची. तिला घाम सुटला पाहिजे, हलवली की आत पाणी डुचमळलं पाहिजे, आणि मग मध्ये पुठ्ठा घालून ठेवायची. म्हणाली, इन्शुलिन गार हवं, गोठायला नको. एकदा गोठलं की मेलं. नंतर वितळतं, लेबल तसंच, बूच तसंच, पण त्यात काही राम राहत नाही.

मी मान हलवली. नंतर संडासात जाऊन कडी लावून बसलो. रडू आलं नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. कामावर जातो, जेवतो, झोपतोसुद्धा. फ्रीजरमध्ये हात जास्त वेळ राहिला की बोटं दिसतात पण आपली वाटत नाहीत ना, तसा सगळाच झालोय. काही वाटतच नाही.

गेल्या वर्षीचा मे आठव. मी सुट्टीवर होतो आणि जनार्दन भावोजींचं चार महिन्यांचं इन्शुलिन माझ्याबरोबर द्यायचं होतं. इथे ते महाग, आणि ते कामाला होते त्या दुक्मच्या कॅम्पमधून दुकान गाठायचं म्हणजे अख्खा दिवस. केमिस्टने तुला सांगितलं होतं, नुसतं थंड ठेवा, बर्फ लावू नका. तू बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून थर्मासात घालायला निघालीस. मी तुला हसलो. म्हटलं, ताई, केमिस्ट गोळ्या विकतो, हे माझं रोजचं काम आहे. कंपनीचं खोकं मी मुद्दाम आणलं होतं. शेजारच्या शीलावहिनींच्या फ्रीजरमध्ये दोन दिवस पिशव्या गोठवल्या आणि बाटल्यांना चारी बाजूंनी घट्ट लावल्या, सुरमईला लावतो तशा. मस्कतला उतरलो तेव्हा बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि खोकं उघडलं तर बाटल्यांवर पांढरं दव गोठलेलं. लगेच तुला फोन करून फुशारकी मारली. तू म्हणालीस, हुशार रे माझा बाळू.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूने ठाऊक आहे. महिन्याभरात भावोजींची साखर चढायला लागली. कॅम्पच्या डॉक्टरने डोस वाढवला, तरी चढतच गेली. तू फोनवर त्यांना फाडून खायचीस, की चोरून हलवा खाता, इंजेक्शन चुकवता आणि मला घेतलं म्हणून सांगता. गोडाची जीभ होतीच त्यांची, त्यामुळे मलाही तेच वाटलं. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, बाळू, बाटलीत खोबऱ्याच्या किसासारखे कण दिसतात रे, चालेल ना? मी म्हटलं, हातात घोळवून घ्या, आणि उगाच निमित्तं शोधू नका.

मग बुटाने पाय सोलला, जखम चिघळली आणि त्यांना मस्कतला आणलं. डॉक्टरने दोनदा विचारलं, इन्शुलिन चालू होतं का. भावोजी म्हणाले, एक दिवस चुकवलं नाही. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तुझा भाऊ, त्यांच्या उशाशी उभा राहून म्हणालो, भावोजी, आता तरी खरं सांगा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेले. विमानतळावरच्या ज्या शेडमधून माझी मासळी जायची तिथूनच त्यांची पेटी गेली, कागदांवर सही मी केली.

तू अजून त्यांचा फोटो लावला नाहीस. मरतानासुद्धा मला फसवून गेले म्हणतेस. गेल्या रविवारी फोन चालू असताना उर्वीला काहीतरी विचारलंस आणि म्हणालीस, बापासारखी खोटं बोलू नकोस. मी ते ऐकलं आणि तुला पावसापाण्याचं विचारलं.

त्यांची बॅग माझ्याकडेच होती. शेवटची बाटली या खोलीच्या फ्रीजमध्ये वर्षभर पडून होती. परवा ती सफूराला दाखवली. तिने उजेडात धरली, गोल फिरवली, आतले कण मला दाखवले आणि हळू आवाजात विचारलं, कुणाची? मी सांगितलं. ती खाली बसली. बॅगेत त्यांची वही होती, ती या पत्राबरोबर पाठवतोय. सकाळची वेळ, रात्रीची वेळ, किती घेतलं, सगळं त्यांच्या वाकड्या अक्षरात. मी तीनदा तपासली, एक दिवस सुटलेला नाही. ऑगस्टच्या एका पानावर लिहिलंय, ‘आजपण घेतलं. मैनाला खरं वाटत नाही.’ ताई, ते खरंच बोलत होते. रोज दोन वेळा ते मेलेलं औषध टोचून घेत होते, आणि ते मारलं मी. हे मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं, तीन आठवडे तोच विचार केला. भाऊबीजेचं तिकीट काढलंय. तू नको म्हणालीस तर येणार नाही, ओवाळ असं म्हणायला मला तोंड नाही. पण माझं काय करायचं ते मागाहून ठरव. उर्वी शाळेतून आली की आधी तिला सांग, तुझे बाबा खोटं बोलत नव्हते.

तुझाच,
बाळकृष्ण