खिळ्याच्या गाण्याचे बदाम

४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं ॲप माझ्या फोनात सुखरूप उतरलं. उतरवून दिलं समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. लोकर घ्यायला दुकानात आल्या होत्या, काम होईपर्यंत त्यांना उठूच दिलं नाही. आता त्यांच्याही फोनात आहे. तू ओळखीपाळखीत वाट म्हणाली होतीस, म्हणून मी नणंदेला दिलं, बँकेत खिडकीमागे बसते त्या मुलीला दिलं, आणि बटणं बदलायला आलेल्या एका गृहस्थांनाही दिलं. ते बटणं न बदलताच गेले.

मला तर फारच आवडलं बाई. सकाळी उठावं तो एक नवंकोरं गाणं दाराशी हजर. ज्याला जे नवं सापडेल ते त्याने दुसऱ्याला पाठवावं, आपण ऐकावं, आवडलं तर बदाम दाबावा, नाही तर फुली. मी सगळ्यांनाच बदाम देते. आपल्याकडे आलेलं एकही गाणं अजून रिकाम्या हाती परत गेलेलं नाही.

आणखी एक बातमी. तुझ्या काकांनी स्वतःचं गाणं त्यात घातलंय. शेजारच्या आपल्या दुकानात तसबिरींच्या चौकटी ठोकताना ते गातात हे तुला ठाऊकच आहे. त्यातलं ठोकणं तेवढं सुरात असतं. गाणं त्यांनीच रचलंय. खिळा हातोडीला विनवतो की बाई गं, जरा हळू. कडवी पुष्कळ आहेत, कारण खिळा लवकर आत जात नाही. मी ताबडतोब बदाम दिला आणि सगळ्यांना पाठवलं. सगळ्यांनी दिले. नणंदेने तर गाणं सुरू व्हायच्या आधीच दिला, एवढी तिची भावावर माया.

फोन करू नकोस, पत्रच टाक. फोन हल्ली त्यांच्या खिशात असतो, बदाम मोजायला.

वेळेवर जेव. माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
मावशी


११ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा पाकिटातून लोकरीचा धागा लोंबत होता. ऑफिसातल्या एकाने तो ओढला तर ओढतच राहिला. पत्रात तू काय गुंडाळून पाठवतेस याची इथे चर्चा चालू आहे.

आता जरा रडगाणं. या ॲपवर मी दोन वर्षं डोकं घासतेय. साहेबांनी ते सध्या थोड्या लोकांना वापरून बघायला दिलंय. महिनाअखेरीस त्यातली निम्मी माणसं टिकली तर ॲप बाजारात जाईल. नाही टिकली तर गाशा गुंडाळायचा आणि मी परत पार्किंगच्या पावत्यांच्या ॲपकडे. मावशी, त्या पावत्यांचा रंग कोणता असावा यावर मी एकदा आठवडाभर बैठकांना बसले होते. तिथे परत जायचं नाही मला.

आणि माणसं भराभर चाललीत. कारण ज्या गाण्याला सगळ्यांत जास्त बदाम, ते दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या फोनात पहिलं वाजतं, अशी मीच रचना केलीय. गेला आठवडाभर पहिलं गाणं खिळ्याचं आहे. काकांना जन्मात न पाहिलेली माणसं हातोडीच्या आवाजाने दचकून उठतात. साहेबांच्या सासूबाईंचा फोन बादलीत पडला. त्या म्हणतात हातातून निसटला, साहेब म्हणतात दोनदा कसा निसटेल.

रागावू नकोस, पण खरं सांग. त्या सगळ्यांना गाणं खरंच आवडलंय का? ते मी काढून टाकू शकते, पण उद्या दुसऱ्या कुणाच्या काकांचं येईल. गडबड बदामातच कुठेतरी आहे आणि मला ती सापडत नाही.

काकांना नमस्कार, पण यातलं काही सांगू नकोस. लोभ मागत नाही, तो तू पाकिटात भरून पाठवतेसच.

तुझी,
चिमणी


१५ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. फुली म्हणजे काय गं? कुणी हौसेने आपल्या ताटात वाढलं की आपण ताट ढकलून देतो का? नणंदेने कसलं तरी ढोलांचं गाणं पाठवलं होतं, ऐकून माझी दाढ हलली. पण फुली मारली असती तर ती पुढच्या वेळी घरी आल्यावर चहाला नको म्हणाली असती, आणि त्याचा अर्थ काय होतो तो मला कळतो. बदाम देऊन मोकळी झाले.

मग विचार केला आणि एकेकीला धरून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही पाठवलेलं, तुमच्या यजमानांचं, बदाम नको तर काय देऊ. बँकेतली मुलगी म्हणाली तिला वाटलं बदाम म्हणजे पोच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आमच्या भिडेपायी तुझ्या हाती कटोरा यायची वेळ आली.

पण यांना सांगणार कोण? लग्नानंतर हे पहिल्यांदा गायले तेव्हा नव्या नवरीच्या रीतीने मी छान म्हटलं. पुढे शब्द फिरवायला सवडच झाली नाही. आणि आता तर हे हरभऱ्याच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलेत. भर उन्हात गळ्याला मफलर. थंड पाणी बंद. आवाज जपायचा म्हणून गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलतात. एका बाईंनी सासऱ्यांची तसबीर चौकटीत बसवायला दिली होती, खुणाखुणांत घोटाळा होऊन त्यांना आरसा बसवून मिळाला. बाई घरी नेऊन बघतात तो सासऱ्यांच्या जागी स्वतःच. दुकानाच्या पाटीवर 'चौकटी करून मिळतील' च्या वर 'गायक' असं रंगवून घेतलंय, आणि ते मोठ्या अक्षरात.

तुझी नोकरी इकडे आणि यांचं मन तिकडे. आपलेच दात, आपलेच ओठ. काय करू ते कळव.

आशीर्वाद नेहमीचे, शिवाय थोडे जादा.

मावशी


१९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

गडबड सापडली. तूच सापडवलीस. मी नोंदी काढून बघितल्या, कोण कुठपर्यंत ऐकतं ते. काकांच्या गाण्याला बदाम देणाऱ्यांपैकी पहिल्या कडव्याच्या पुढे एकही माणूस गेलेला नाही. तूसुद्धा नाही, मावशी. मग मी स्वतः शेवटपर्यंत ऐकलं. तूही ऐक. दुकान बंद कर, एकटी बस, आणि खिळा पूर्ण आत जाईपर्यंत उठू नकोस. त्यात काय आहे ते मी लिहीत नाही, ते तुझं आहे.

दरम्यान मी ॲपची सगळी मांडणी बदलली. फुली काढून टाकली, कारण ती आपल्या माणसांच्या हातून उमटणार नाही. तिच्या जागी साधं 'ऐकलं' असं बटण ठेवलंय. त्यात मान नाही, अपमान नाही. ज्याला भीड वाटते त्याने ते दाबावं आणि सुटावं. पण 'ऐकलं' काय आणि बदाम काय, दोन्ही गाणं संपल्यावरच उघडतात. आणि जुने बदाम सगळे पुसले जाणार. सोमवारपासून हे सगळ्यांच्या फोनात येईल. म्हणजे काकांचे बदाम सोमवारी जाणार, मावशी. त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

साहेबांनी तारीख पुढे ढकललेली नाही. जी काही माणसं उरलीत त्यांच्यावर भिस्त.

धीर धर, आणि मलाही थोडा पाठव.

तुझी,
चिमणी


२४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

ऐकलं बाई. शेवटपर्यंत ऐकलं.

चौथ्या कडव्यानंतर करवत चालते, मग कुणी गिऱ्हाईक येतं आणि आत कुणाला लागलंय का म्हणून विचारतं. हे रेकॉर्डिंग बंद करायचं विसरलेले. हे त्याला सांगतात की मीच गातोय. खरं म्हणजे संध्याकाळपर्यंत घसा सोलून निघतो, केव्हाच सोडलं असतं, पण आमच्या घरात गाणं फार आवडतं, रोज दुकानातून छान म्हणून हाक येते, तिचं मन कसं मोडायचं. मी लोकरीच्या पेटाऱ्यावर बसून इतकी हसले की खालच्या गुंड्यांच्या चपात्या झाल्या. म्हणजे हे माझ्यासाठी घसा फोडणार, मी यांच्यासाठी कान. इतकी वर्षं.

त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं की तुमचं गाणं मला आवडत नाही. घास हातातच राहिला. केव्हापासून, म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पहिल्यापासून. ते उठले, हात धुतले. दुसरा दिवसभर नुसती हातोडी चालली. बिनगाण्याची हातोडी ऐकवत नाही गं. घरात कुणी सामानाची पेटी ठोकून बंद करतंय असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी हे माझ्या हातचा निळा स्वेटर घालून दुकानात आले. उन्हाचे. माझ्यासमोर काढला, घडी घातली, गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, टोचतो. मी विचारलं केव्हापासून. तर म्हणतात, पहिल्यापासून. मग दोघंही हसलो. त्यानंतर त्यांनी पडद्यांच्या रंगाचा विषयही काढला, पण तिथे मी त्यांना थांबवलं. खरेपणालाही काही मर्यादा हवी.

आता तूही सांगून टाक. मी तुला विणून दिलेला तो गुलाबी मफलर कसा आहे?

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही, फक्त पाहिली.

मावशी


चि. चिमणीस,
आशीर्वाद.

मावशीने सांगितलं. तुझं काम माझ्या खिळ्यामुळे अडलं, त्याचं वाईट वाटलं. सोमवारची वाट कशाला, गाणं मीच काढून टाकलं. पाटीवरचं 'गायक' खरवडलं, 'ग' निघत नाहीये.

चौकट तिरकी झाली की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, म्हणून मला चौकट जमते. गाण्याचं कुणी सांगितलंच नाही, तर जमणार कसं? तुझ्या नव्या बटणाचंही तिने सांगितलं. चांगलं आहे. आता मला ढीगभर बदाम नकोत. मावशीचा एकच, आणि खरा. मिळेपर्यंत थांबणार नाही. घशाचं मी बघून घेईन.

तुझे,
काका


२ एप्रिल

ती. मावशीस आणि ती. काकांस,
दोघांनाही एकत्रच शि. सा. न.

टिकलं. निम्म्याहून थोडी जास्तच माणसं उरली, गेलेल्यांतलीही काही परत आली. साहेबांच्या सासूबाईंनी नवा फोन घेतला आणि त्यात पहिलं आपलं ॲप मागितलं. सगळ्यांना खरं सुख 'ऐकलं'चं झालंय. एका माणसाने कळवलं की मेव्हण्याशी संबंध न बिघडवता त्याची गाणी झेलता येतात. बदाम आता थोडे पडतात, पण पडले की गाणं खरंच चांगलं निघतं. पुढच्या महिन्यात ॲप बाजारात जाणार. पार्किंगच्या पावत्या आता दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी.

मफलरचं विचारलंस म्हणून. तो ऑफिसातल्या कुंडीला गुंडाळलाय. कुंडी समाधानी आहे.

दोघांचाही असाच खराखुरा लोभ राहू द्या.

चिमणी


१० एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं कल्याण झालं, फार बरं वाटलं. आता माझं काय झालं ते ऐक.

पूर्वी हे दिवसातून एकदा गात आणि मी एकदा छान म्हणून सुटत होते. आता पहाटेपासून गातात. एका बदामासाठी. खिळा पुन्हा नव्याने रचलाय, दोन कडवी वाढलीत. संध्याकाळी गाणं माझ्या फोनात येतं आणि मला ते संपेपर्यंत ऐकावं लागतं, कारण तुझं बटण त्याआधी उघडत नाही. शहाणपण केलंस ते माझ्याच डोक्यावर. ऐकून झालं की मी 'ऐकलं' दाबते. मग हे दारात येऊन उभे राहतात आणि कुठे घसरलो ते विचारतात. मी सांगते. मान हलवून परत जातात आणि पुन्हा सुरू. डॉक्टरीणबाई म्हणतात त्यांचे रोगी हल्ली दात कोरायच्या यंत्राला घाबरत नाहीत, उलट चालू करा म्हणतात.

रोज वाटतं, द्यावा एक खोटा बदाम आणि मिळवावी शांतता. बोट तिथवर जातं. मग मनात येतं, परत तेच. तुझं गणित बिघडेल आणि यांचंही. बोट मागे घेते.

आज मात्र गंमत झाली. तिसऱ्या कडव्यात खिळा म्हणतो की ठोकलास म्हणून तर भिंतीला धरून राहिलो, तिथे यांचा आवाज असा काही लागला की माझं विणकाम थांबलं. टाके मोजायचे राहून गेले. ओळ एकच होती. पुढच्या ओळीला खिळा वाकडा झाला तो झालाच. पण ती एक ओळ मी चारदा मागे नेऊन ऐकली, आणि बटणं उघडली तेव्हा बसूनच राहिले. अख्ख्या गाण्याला बदाम दिला तर खोटं होतं, आणि नुसतं 'ऐकलं' म्हटलं तर कमी पडतं. हे दारात उभे. अजून तसेच उभे आहेत, मी पत्राचं निमित्त करून बसलेय.

तेव्हा तुझ्या साहेबांना विचार, आणि एका ओळीपुरता बदाम देता येईल असं काहीतरी लवकर कर. उत्तर फोनवर दिलंस तरी चालेल. फोन आता माझ्याकडे असतो.

तुझी वाट बघणारी,
मावशी